आठ वाजताची सही

"बघ्या म्हंजे काय गो बाय?" लक्ष्मीनं विचारलं.

विचारलं ते वकीलबाईंना. विनिता त्यांचं नाव. वर्तकनगरच्या वसाहतीत तळमजल्याच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. भिंतीत जुन्या खुंट्या तशाच होत्या आणि कपड्यांच्या जागी त्यांना फायलींच्या पिशव्या टांगलेल्या. समोरच्या दोन खुर्च्यांवर सासू-सून बसलेल्या. सून दर्शना पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"बघ्या म्हणजे तमाशा बघायला गेलेला माणूस, आजी," विनिता म्हणाली. "विमा कंपनीनं कोर्टात लिहून दिलंय. कमलेशची पाळी सकाळी आठला संपली. आगीची वर्दी आली आठ वाजून बारा मिनिटांनी. म्हणजे तेव्हा तो कामावर नव्हता. आपल्या मर्जीनं बंबावर चढला, आग बघायला गेला आणि तिथं मेला. म्हणून भरपाई लागू होत नाही."

"सोला वरसा आग इझवली माझे पोरान," लक्ष्मी म्हणाली, "आन सतराव्या वरसाला बघाला जेला?"

लक्ष्मीचं वय तिचं तिलाही ठाऊक नाही. कोपरच्या पलीकडे खाडीच्या अंगाला जे गाव आहे तिथल्या आगऱ्यांत ती जन्मली आणि त्याच गावात दिली गेली. माहेरच्या दारात उभं राहिलं की सासरच्या चुलीचा धूर दिसायचा. दहा-अकराची असताना मिठागरावर गेली ती आगर बुजेपर्यंत तिथंच राबली. मीठ गेलं तेव्हा खाडीच्या चिखलातली मासळी, निवट्या विकल्या, निवट्या आटल्या तेव्हा भाजी. गावातल्या बऱ्याच जणांनी जमिनी विकून तीन-तीन मजले चढवले, गळ्यात साखळ्या घातल्या. तिच्या नवऱ्याच्या, धाकूच्या, वाटणीला मात्र खाजणाचा एक तुकडा आला, त्यातला निम्मा भरतीला पाण्याखाली. "आमची जमीन मासल्यांचे नावावर हाय," असं ती कुणालाही सांगायची, आणि सांगताना तिला वाईट वगैरे वाटायचं नाही. अजूनही गावात हळद असली की गाणी म्हणायला तिलाच बोलावतात. ती उभी राहिली की डीजेवाला आपणहून आवाज बंद करतो.

दोन मुली लग्न होऊन गेल्या. मुलगा एकच, कमलेश. डोंबिवलीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मालकांनी मिळून खाडीपट्टा उद्योजक मंडळ काढलेलं आहे. त्यांचं स्वतःचं अग्निशमन केंद्र, दोन बंब आणि अकरा माणसं. कमलेश तिथं चिकटला तेव्हा लक्ष्मी म्हणाली होती, "पान्यात जल्माला आयलास, पान्याचीच नोकरी मिलली. बरा झाला."

गेल्या वर्षीच्या मार्चात एका सकाळी रंगाच्या कारखान्यात पिंपं पेटली. बंब गेला. आग आटोक्यात येत होती, कमलेश नळी घेऊन आत शिरला होता, आणि छपराची लोखंडी कैची पत्र्यांसकट त्याच्यावर आली. लक्ष्मी त्याबद्दल एवढंच सांगते, म्हणून इथंही एवढंच.

कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई द्यावी असा कायदा आहे, तो इंग्रजाच्या वेळेपासूनचा. मंडळ म्हणालं, आम्ही विमा उतरवलाय, विमा कंपनी देईल. विमा कंपनी म्हणाली, कामावर असता तर दिली असती. मग ठाण्याच्या कामगार न्यायालयात अर्ज. वर्षभर तारखा पडत राहिल्या. दर्शनानं घरी ब्लाउज शिवायला घेतले. नात सान्वी दहावीला होती, तिचा क्लास सुटला. आणि वर्षानंतर हाती काय आलं, तर बघ्या.

हा शब्द घरापुरता राहिला असता तर लक्ष्मीनं एक वेळ गिळला असता. पण तो गावात पोचला. तंबाखू घ्यायला गेली तेव्हा टपरीवाला पोपट सहज बोलल्यासारखा म्हणाला, "कमलेशला हौसच फार ना मावशी. पाळी सुटली तर घरा यावा का नको?"

"तुजे दुकानाला आग लागंल तंवा हौशी मानूस बोलाव नको हां पोपट," ती म्हणाली, "घर्यालवाला मानूस बोलाव, टायम बघून येनारा." तंबाखू न घेताच ती परत फिरली. पण रस्ताभर तिच्या मनात तेच. पैसा आला नाही तर मेहनत करता येते, सून करतेच आहे. पण पोर कामावर मेलं की रिकामपणी मेलं, एवढं तरी कळायला नको?

आता विनितानं एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. हजेरी पुस्तकातल्या कमलेशच्या ओळीची नक्कल. मंडळानं तेवढीच ओळ दिली होती. आल्याची वेळ रात्री आठ, पुढे सही. गेल्याची वेळ सकाळी आठ, पुढे सही.

"ही सही त्याचीच?"

"त्यांचीच," दर्शना म्हणाली. "क ची शेपटी अशीच लांब ओढायचे."

"मग अवघड आहे. त्यानं स्वतःच सही करून पाळी संपवलीय."

लक्ष्मीला वाचता येत नाही. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "सई केलान कंदी?"

"सकाळी आठला. लिहिलंय ना इथं."

"लिवलाय काय ते नाय इचारत. केलान कंदी?"

विनिता जरा थकल्यासारखी बघत राहिली. लक्ष्मीनं पदर खोचला. ती आता लांबण लावणार हे दर्शनानं ओळखलं.

"आयक बाय. आमचे आगरावर मुकादम सकाललाच दोन आंगठे घ्याचा. एक आयल्याचा, एक जेल्याचा. कया? त सांजला आमची बोटा मिठाचे पान्यान चिरून जायाची. शाई लागली का झोंबाची, आन आंगठ्याची रेघपन उठाची नाय. मुकादमाला पुस्तक साफ पायजे. म्हनून कागदावर आमी सकालीच आयलो न सकालीच घरा जेलो. आन टोपला डोकीवर दिस बुडंपरयंत. कागदाला काय ठावं टोपला कंदी उतारला?"

विनितानं पेन खाली ठेवलं. "दर्शना, केंद्रात असं काही करायचे का?"

दर्शना आठवत राहिली. "सही वगैरे आमच्यात विषय नाही निघायचा, मॅडम. पण एकदा मी चिडलेले, की पाळी आठला सुटते तर घरी यायला साडेनऊ का होतात. तर म्हणाले, अगं, पुस्तकात मी आठलाच सुटतो. हजेरीचा बाबू सकाळी अकराला येतो आणि रात्री आठला आमच्या सह्या घेऊन पुस्तक कपाटात घालून चावी घेऊन जातो. सकाळी सही करायला पुस्तकच नसतं, म्हणून रात्रीच दोन्ही मारून टाकतो. नाहीतर गैरहजेरी लागते."

"आणि हे तू मला वर्षभरात सांगितलं नाहीस?"

"मला काय माहीत ह्याचं एवढं काय असतं ते!"

"आता हे केंद्रातल्याच कुणीतरी शपथेवर सांगायला हवं," विनिता म्हणाली. "नवरा असं म्हणाला होता, हे बायकोनं सांगून भागणार नाही. आणि मी पूर्ण पुस्तक मागवते, नुसती ओळ नको. त्या दिवशीचं वर्दीचं पुस्तकसुद्धा. पण बोलणारा माणूस लागेल. कोण बोलेल?"

सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकच नाव होतं, आणि त्या नावाचा माणूस तेराव्यानंतर त्यांच्या दारात फिरकला नव्हता. निघताना विनिता चाचरत म्हणाली, "आजी, कोर्टात कधी बोलायची वेळ आली तर जरा शुद्ध बोलाल का? म्हणजे त्यांना कळेल असं."

"माजी बोली कया असुद्द हाय?" लक्ष्मी म्हणाली. "मिठान धुतलेली हाय ती. तुला कलली ना? मंग त्यानलापन कलंल."

ते नाव भिवाचं. कमलेशच्याच केंद्रात लीडिंग फायरमन, म्हणजे पाळीचा म्होरक्या, पलीकडच्या गावचा. कमलेशला नळी धरायला त्यानं शिकवलं, शिडी चढायला त्यानं शिकवलं. कैची पडली तेव्हा पत्रे उचकटून कमलेशला बाहेर काढणाराही तोच. रविवारी दुपारी लक्ष्मी एकटीच त्याच्या घरी गेली. तो नुसत्या बनियनवर, ओट्यावर बसून बोंबील साफ करत होता. तिला बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"ये वैनी. बस."

"बसाला नाय आयले. तू आमचे घरा का येत नाय?"

"कामाचा... पाळी बदलली..."

"मना पाळी नको सांगू भिवा. पाळीवरनाच सगला घोटाला झालाय." तिनं सगळं सांगितलं. बघ्या सांगितलं, पोपट सांगितला, सहीची ओळ सांगितली. "आता तू सांग. दोनी सया रातीच मारीत व्हते का नाय?"

भिवानं हात बनियनला पुसले. "मारीत व्हतो."

"सगले?"

"सगले. मीच शिकवला सगल्यानला."

"मंग हेच कोर्टात बोल."

"वैनी, तुला समजत नाय," तो उसळला. "मी बोल्लो का अकरा जनांवर कागद निघंल. खोटी हजेरी म्हनून. माझे आठ महिने रायलेत सुटाला. पी.एफ., ग्रॅच्युइटी, सगला अडकवून ठेवतील. पोरीचा लगीन हाय दिवालीनंतर."

 त्याचं खोटं नव्हतं. लक्ष्मीला दिसत होतं, मागच्या भिंतीला लग्नासाठी आणलेल्या पातेल्यांची चळत लावलेली. रडून मागता आलं असतं, पण ते तिला कधी जमलंच नव्हतं.

"मी तुला बोल म्हनून हात नाय जोरनार," ती म्हणाली. "पन तू सांग, तू त्याला सई शिकवलास ती बराबर व्हती, का चूक व्हती?"

"त्या टायमाला बराबर व्हती. दुसरा इलाजच नव्हता."

"मंग बराबर गोष्ट सांगाला घाबरतंस कया?"

भिवाची बायको सगुणा दारात चहा घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. "वैनी, चा घ्या," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता पुढं बोलली, "रोज रातीला ह्ये झोपंत उठून पतरं उचलतान. वरीस झाला. माझी झोप जेली. एकदाचा बोलून टाकला त दोघा तरी झोपू."

 लक्ष्मीनं चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि निघाली. येतो असंही भिवा म्हणाला नाही, आणि येत नाही असंही नाही.

तारखेच्या दिवशी दोघी नऊ वाजताच ठाण्याला कोर्टाच्या आवारात हजर. अकरा झाले. विनितानं भिवाच्या नावानं समन्स काढलं होतं, पण समन्स निघूनही लोक आजारी पडतात हे तिला ठाऊक होतं. ती सारखी फाटकाकडे बघायची. लक्ष्मी बाकावर मांडी घालून बसली होती. "आयला त आयला," ती म्हणाली. "नाय आयला त मी बोलनार. मंग वकिलाला कानात कापूस घालाला लागंल."

साडेअकराला भिवा आला. इस्त्री केलेला गणवेश, बूट चकचकीत, दाढी इतकी घोटलेली की गालाला दोन ठिकाणी रक्त. तो लक्ष्मीकडे न बघताच आत गेला.

खोली लहान होती. न्यायाधीश साहेब चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत होते. भिवानं शपथ घेतली आणि विनितानं विचारलं तसं सांगितलं, पुस्तक कुठं असायचं, चावी कुणाकडे, सह्या कधी. मग कंपनीचे वकील उठले. काळ्या कोटातला सडपातळ, हुशार माणूस.

"म्हणजे तुम्ही शपथेवर सांगताय की केंद्रातले सगळे जण रोज खोटी सही करत होते?"

"खोटी नाय साहेब. लवकरची."

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी वर पाहिलं, हसणं थांबलं.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

 "माझ्या. नवा पोरगा केंद्रात आला की पयली गोष्ट मी हीच शिकवायचो. नळी धरायची नंतर."

"वा! मग आता पुस्तकावर विश्वास ठेवायचा की तुमच्यावर?"

"पुस्तकावरच ठेवा," भिवा म्हणाला. त्याचा आवाज आता त्याला सापडला होता, केंद्रावरचा, घंटेवर चढणारा. "तुमी एकच ओळ वाचलीत साहेब. पान उघडा. माझं नाव वाचा."

साहेबांनी खूण केली. कारकुनानं मंडळाचं जाडजूड हजेरी पुस्तक उघडलं. भिवा, गेल्याची वेळ सकाळी आठ, सही. त्याखाली ड्रायव्हर, सकाळी आठ, सही. रात्रपाळीचे पाचही जण सकाळी आठ.

"आता वर्दीचं पुस्तक."

तेही उघडलं. आगीचा निरोप आला की त्यात वेळ आणि बंबावर गेलेल्यांची नावं लिहितात. वर्दी आठ बारा. बंब निघाला आठ चौदा. प्रमुख भिवा, मग ड्रायव्हर, मग तीन नावं, त्यातलं दुसरं कमलेश. तीच पाच माणसं.

"दिवसपाळीवाले साडेआठच्या आत येत नाहीत," भिवा म्हणाला. "आणि ते आल्याबिगर आमी हलत नाही. केंद्र ओसाड टाकून जायचं नाही, हा आमचा नेम. कागद म्हणतो आमी सगले आठला घरी गेलो. मग मीपन बघ्या. डायवरपन बघ्या. बंब बघ्यांनी नेला, आग बघ्यांनी इझवली. मग साहेब, पगारी माणसं त्या टायमाला होती कुठं?"

 साहेबांनी दोन्ही पुस्तकं आपल्यापुढे ओढली. एका पानावर एक बोट, दुसऱ्या पानावर दुसरं, असं त्यांनी पाचही नावं जुळवली. मग कंपनीच्या वकिलांना विचारलं, "बंब कोणी चालवत नेला?"

वकील कागद चाळू लागले. "मला कंपनीकडून सूचना घ्याव्या लागतील, सर."

"घ्या," साहेब म्हणाले.

लक्ष्मी काहीतरी बोलायला उठत होती. दर्शनानं तिच्या दंडाला चिमटा काढून बसवलं. तो चिमटा पुढं दोन दिवस दुखत होता आणि लक्ष्मी तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची.

बाहेर रसवंतीपाशी भिवा उभा होता, उसाच्या रसाचा ग्लास हातात.

"आयलास," लक्ष्मी म्हणाली.

"काय करू? सगुणान दोन दिस बोंबील बंद केलतान."

"कागद निघंल का रं आता?"

"निघू दे. काय व्हयाचा ते होवं." त्यानं रस एका दमात संपवला. "आज रातीला झोप येल असा वाटतंय."

कागद निघाला. अकरा जणांना मंडळानं समज दिली, सक्त भाषेत, दोन पानी. त्या दोन पानांत हजेरी पुस्तक बाहेरच्या टेबलावर का ठेवलं नव्हतं याबद्दल ओळसुद्धा नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून ते बाहेरच्या टेबलावर आलं. समजेपलीकडे काही झालं नाही. स्वतःचाच बाबू स्वतःचंच पुस्तक कुलपात घालत होता, हे मंडळाला पुन्हा कोर्टात ऐकायचं नसावं. भिवा पुढं ठरल्या तारखेला सुटला, आणि लक्ष्मीनं त्याच्या पोरीच्या हळदीत घसा बसेपर्यंत गाणी म्हटली.

निकाल पाच आठवड्यांनी लागला. दर्शनाच्या हातात अर्धा ब्लाउज होता तेव्हा विनिताचा फोन आला. भरपाई मंजूर, व्याजासकट. सान्वीचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत, बाकीचा दर्शनाला आणि सासू-सासऱ्यांना. दर्शना नुसती "हो मॅडम, हो मॅडम" करत होती आणि डोळे पुसत होती. लक्ष्मीनं फोन तिच्या हातातनं ओढून घेतला.

"पैशाचा ऱ्हाऊ दे बाय. लिवलाय काय त्यान, ते वाच."

विनितानं वाचून दाखवलं. मयत कमलेश धाकू हा कामाच्या ओघात आणि कामामुळे मृत्यू पावला.

"परत वाच."

विनितानं परत वाचलं.

"बघ्या कुठं हाय त्यात?"

"कुठंच नाही, आजी. साहेबांनी लिहिलंय, तो आरोप निराधार आहे."

लक्ष्मीनं फोन सुनेला दिला आणि बाहेर आली. धाकू ओट्यावर जाळ्याला गाठी मारत बसला होता. वर्षभर हा माणूस असाच बसला होता. कोर्टाबद्दल एक शब्द नाही, तारखेला गेल्या का, काय झालं, काही नाही. लक्ष्मीनं त्याच्या मनाचा ठाव घ्यायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

"आयकलास का? कोर्टान लिवला. पोर आपला कामावर व्हता."

धाकूनं गाठ ओढून घट्ट केली. "मना माईत व्हता."

"माईत व्हता?"

"घंटा वाजली आन कमलेश बसून रायला, असा व्हयाचा हाय का? मना पयल्या दिसालाच माईत व्हता."

लक्ष्मी थक्क झाली. "आन वरीसभर आमी दोघी ठान्याला खेपा घालतंव, पायाचा तुकरा परला, तू एक शबूद बोल्ला नायस?"

"मना कोनी इचारलाच नाय," धाकू म्हणाला.

मग जे सुरू झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. त्याचं खाजण, त्याचे तीन भाऊ, लग्नातली न मिळालेली नथ, लक्ष्मीनं काहीही बाकी ठेवलं नाही. धाकूही आज गप्प बसला नाही, त्यानंही तिच्या माहेरच्यांना दोन पिढ्या मागं नेलं. कमलेश गेल्यापासून या घरातून मोठा आवाज आला नव्हता. शेजारणी हातातलं काम टाकून दारात आल्या आणि काय बिघडलं म्हणून दर्शनाला खुणेनं विचारू लागल्या.

"काही नाही," दर्शना म्हणाली. "भांडतायत."

आणि डोळे कोरडे करून तिनं मशीनच्या सुईत नवा दोरा ओवला.